साधी की औषधाची

अहो, उत्तर आणलंय. काल पुण्याला जाऊन, डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीत बसून, स्वतःच्या कानांनी ऐकून आणलंय. पण लगेच सांगणार नाही. पाच वर्षं तुम्ही मला या एका प्रश्नावरून चिडवलंत, आता थोडा वेळ तुम्ही थांबा. तसंही तुम्हाला आता कुठं जायची घाई आहे?

तेरावं झालं. दत्तानं सगळं रीतीप्रमाणं केलं. सावडायच्या दिवशी तो निघाला तेव्हा मी त्याला हळूच म्हटलं, "राखेत नीट बघ रे, बाबांची स्प्रिंग सापडती का." पोरगं रडत होतं ते हसायला लागलं, आणि तुमच्या भावानं डोळे वटारल्यावर परत रडायला लागलं. स्प्रिंग काही सापडली नाही. बरोबर घेऊन गेलात वाटतं. जाऊ दे, तुमचीच होती.

भेटायला येणारा प्रत्येक जण मान हलवून म्हणायचा, "हार्टच गेलं शेवटी." मी म्हणायची, "न्हाई, हार्ट एकदम झ्याक हुतं. फुफ्फुसानं दगा दिला." लोकांना ते आवडायचं नाही. एकदा छातीत स्प्रिंग टाकलेल्या माणसानं न्युमोनियानं जावं, हे त्यांना नियमाला सोडून वाटत होतं. तुम्ही असता तर म्हणाला असता, "असू दे. त्यास्नी पायजे तसं मरायला म्या काय त्यांचा नोकर हाय?"

रडले मी. पुष्कळ रडले. पण खरं सांगू, रडताना मधेच तो किडा डोक्यात वळवळायचा आणि रडं थांबायचं. भोरच्या दवाखान्यातल्या खाटेवर तुम्ही जो प्रश्न विचारून ठेवलात तो. देवी आपल्या दोघांपैकी कुणाशी खोटं बोलली?

गुरवाच्या घरात हा प्रश्न म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळायचं नाही. तुमचा आजा, बाप आणि तुम्ही, तिघांनी वाघजाईच्या पायाशी जन्म काढला. गावातली लग्नं, विहिरी, घरातली भांडणं, सगळी तुमच्या हातच्या कळ्यांवर ठरली. त्यात एक जरी कौल खोटा निघाला तर बाकीच्यांचं काय? तुम्ही तसं बोलला नाहीत. पण शेवटचे तीन-चार दिवस तुम्ही छताकडं बघत पडायचात, तेव्हा तुम्ही ताप मोजत नव्हतात. मला काय कळत नव्हतं?

आता पहिल्यापासून सांगते. तुम्हाला माहीत आहे सगळं, तरी ऐका. माझ्या तोंडून ऐकायची तुम्हाला हौस होती.

मी या घरात आले तेव्हा काय ध्यान होते! पालीची मी. राजगडाच्या पायथ्याची म्हणजे जणू गड माझ्या बापानंच बांधला. त्यात सातवी पास. आमच्या आळीत सातवी पास झालेली मी एकटी, म्हणून मला वाटायचं की जगातच मी एकटी. लग्नाला महिना झाला नाही तोवर एक बाई देवळात कौल लावायला आली, आणि मी दाराआडून तुम्हाला बघत होते. तुम्ही तगरीच्या दोन कळ्या पाण्यात बुडवल्यात, एक देवीच्या उजव्या अंगाला चिकटवलीत, एक डाव्या. मग हात जोडून उभे राहिलात. उजवी कळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. उजवी पडली, बाई खूश होऊन गेली. मी दिवेलागणीला तुम्हाला गाठलं.

"कळी पाणी वाळल्यावर पडणारच की. त्यात देवी कुठं आली?"

"व्हय, पडणारच."

"मग?"

"कुठली आधी पडंल, ते सातवीच्या पुस्तकात दिलंय का?"

झालं. माझी सातवी तिथंच वाहून गेली. पण मी कबूल केलं नाही. पुढची कितीतरी वर्षं तुम्हाला "कळीवाले" म्हणत राहिले, आणि तुम्ही मला "पालीकरीण". नाकाचा शेंडा वर करून देवळासमोरून जायची मी. आज त्या पोरीला समोर बसवलं असतं तर म्हटलं असतं, बये, नाक खाली घे, याच देवळात तू एक दिवस चोरासारखी शिरणार आहेस.

तुम्हाला झटका आला तो पाण्याची घागर घेऊन देवळाच्या पायऱ्या चढताना. घागर गडगडत खाली आली, तुम्ही वरच बसून राहिलात. भोरला नेलं, तिथून पुण्याला. मोठ्या दवाखान्यात मांडीतून नळी घालून बघितलं. हृदयाची एक शीर तुंबलेली निघाली. दुसऱ्या दिवशी ते तरुण डॉक्टर आपल्या खाटेशी स्टूल ओढून बसले. त्यांनी सांगितलं ते मला अजून आठवतं. तुंबलेल्या जागी जाळीची बारीक स्प्रिंग बसवायची. एक साधी असते, आणि एक नवी आलीय, तिच्यावर औषधाचा लेप असतो. नव्या स्प्रिंगमध्ये परत तुंबायचं प्रमाण कमी दिसतंय, पण लांबच्या पल्ल्याला ती कशी वागते ते अजून बघायचंय. म्हणून अभ्यास चाललाय. त्यात आलात तर दोन्हींपैकी एक बसेल. कुठली, ते कॉम्प्युटरची चिठ्ठी ठरवणार. आणि तुम्हाला ते सांगणार नाही.

मी म्हटलं, "म्हणजे कुठली चांगली ते तुमास्नी बी म्हाईत न्हाई?"

"नाही, मावशी. माहीत असतं तर अभ्यास कशाला केला असता?"

"मग यांच्यावर शिकणार व्हय तुमी?"

मी उभीच राहिले होते. सगळा वॉर्ड बघत होता. तुम्ही मात्र अगदी शांत, आणि तुमच्या डोळ्यात ती चमक. गिऱ्हाईक बरोबर दुकानात आल्यावर येते ना, तसली.

"डॉक्टर, चिठ्ठी काढणाऱ्याला ठाऊक असतं का, ती कुणाची हाय?"

"नाही."

"आणि मला का सांगायचं न्हाई?"

"कळलं की मन खेळ करतं. चांगली मिळाली म्हणून उगाच बरं वाटतं, साधी मिळाली म्हणून उगाच दुखतं. स्प्रिंग बसवणाऱ्याला कळतं, पण तुम्हाला नाही, आणि नंतर तुम्हाला तपासणाऱ्यालाही नाही."

तुम्ही उशीवर उठून बसलात. "अहो, मग ह्यो कौलच की! आमच्यात बी असंच. प्रश्न माणसाच्या मनात, कळ्या माझ्या हातात. प्रश्न काय ते मला सांगायचाच न्हाई, म्हंजी माझा हात कुणीकडं झुकत न्हाई." डॉक्टरांनी मग कळ्यांबद्दल सगळं विचारून घेतलं आणि तुम्ही त्यांना देवी दाखवायला गावाला यायचं आमंत्रणच देऊन टाकलंत. मी कोपऱ्यात धुमसत. नवरा मरणाच्या दारातून आलाय आणि पुरुषांच्या गप्पा बघा.

रात्रभर मी तुमच्याशी भांडले, आठवतं? तुम्ही एवढंच म्हणालात, "जन्मभर लोकास्नी सांगितलं, भरवसा ठेवा आन कौल घ्या. आता माझ्यावर पाळी आली तर म्या पळू?" सकाळी सिस्टरनं कागद वाचून दाखवला. त्यात एक ओळ होती, कोणतंही कारण न देता तुम्ही या अभ्यासातून कधीही बाहेर पडू शकता. मी म्हटलं, "सिस्टर, ही ओळ लग्नात का नसती हो?" तुम्ही सही करता करता हसलात आणि सही वाकडी आली. ती वाकडी सही माझ्यामुळं.

आणि माझा पराक्रम! सही झाली म्हटल्यावर मला वाटलं, आता निदान चिठ्ठी तरी चांगली काढून घेऊ. कॉम्प्युटरचं बटण सिस्टर दाबतात असं कळलं होतं. दत्ताला घरी पिटाळून मी आंबेमोहोराची पिशवी मागवली, वर देवीचा अंगारा, एक नारळ. सिस्टरच्या टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, "दाबताना जरा आमच्या मालकांकडं लक्ष असू द्या." ती बिचारी हसून हसून खुर्चीत मागं रेलली. "मावशी, बटण मी दाबते पण आत काय निघणार ते मलाही ठाऊक नसतं." तांदूळ तिनं परत केला. नारळ मात्र ठेवून घेतला, देवीचा म्हणून. पन्नाशी ओलांडलेली, सुना-नातवंडांची बाई, कॉम्प्युटरला लाच द्यायला निघालेली! सातवी पास.

तिथंच हनीफ भेटला. कापूरहोळला त्याचं पंक्चरचं दुकान. तेव्हा हायवे चौपदरी व्हायचं काम चाललं होतं, तिथल्या धुळीनं आपल्याला हे झालं असं त्याला वाटायचं. चाळिशीसुद्धा झालेली नव्हती. शेजारच्या खाटेवर पडून दोन लहान पोरींची नावं घेऊन रडायचा, आणि कुणी बघितलं की खोकल्याचं सोंग करायचा. तुम्ही त्याला आपल्या डब्यातली भाकरी दिलीत, तोही अभ्यासात आला. तुमच्या दोघांच्या चिठ्ठ्या एकाच सकाळी निघाल्या आणि स्प्रिंगाही एकाच दिवशी बसल्या.

तिथूनच तुमचं ते खूळ सुरू झालं.

"त्याला औषधाची मिळाली बघ. म्हंजी मला साधी."

"असं कुणी सांगितलं?"

"कळ्या दोनच असत्यात. एक उजवी, एक डावी."

सिस्टरनं तुम्हाला तेव्हाच समजावलं होतं. "बाबा, जोडी नसते. प्रत्येकाची चिठ्ठी वेगळी निघते." तुम्ही मान डोलावलीत आणि एक अक्षर घेतलं नाहीत. आणि मी? मी तुम्हाला खोडून काढायला एवढी उतावीळ की मीही ते ऐकलं आणि सोडून दिलं.

मग पाच वर्षं आपलं हेच. मी म्हणायची औषधाची, तुम्ही म्हणायचात साधी. तुम्ही न दमता पायऱ्या चढलात की मी अंगणातून ओरडायची, "बघा, औषधाची!" तुम्हाला करपट ढेकर आली की तुम्ही विजयी मुद्रेनं माझ्याकडं बघायचात. रक्त पातळ करायच्या गोळ्या घेताना, भाटघरला बहिणीकडं जाताना, सुगीत भात झोडपताना. पाहुण्यांना वाटायचं हे दोघं भांडतायत. आपण भांडतच होतो म्हणा, पण ते भांडण मला भाकरीसारखं रोज लागायचं. दर वर्षी तपासणीला पुण्याला जायचो. हनीफ कापूरहोळला एसटीत चढायचा, माझ्यासाठी खिडकी धरायचा, आणि विचारायचा, "मामी, यंदा कोण जिंकतंय?"

एवढ्या ठामपणे मी औषधाची कशी म्हणायची, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. आता सांगायला हरकत नाही, शेवटी तुम्हाला कळलंच होतं. दवाखान्यातून आल्यावर पंधरवड्यातच मी कौल लावला होता. तुम्ही भोरला बाजाराला गेला होतात. मी न्हाऊन, दार लोटून, तगरीच्या दोन कळ्या घेऊन आत गेले. घाईत अर्धा तांब्या पाणी देवीच्या अंगावर सांडलं. विचारलं, "माझ्या माणसाला औषधाची मिळाली का?" उभी राहिले. उजवी पडली. बाहेर आले ती नाक वर करूनच, पण या खेपेला कारण वेगळं होतं. पाच वर्षं मी बिनघोर झोपले ती त्या कळीच्या जिवावर.

आणि मग भोरच्या दवाखान्यातली ती दुपार. ताप जरा उतरला होता. मी मोसंबं सोलत होते. तुम्ही म्हणालात, "एक सांगू का? म्या बी कौल लावला हुता."

"कशाचा?"

"स्प्रिंगचा."

माझ्या हातातलं मोसंबं खाली. "म्या बी!"

"ठाऊक हाय. देवीच्या साडीवर पाण्याचं वघळ हुतं. कळी अशी न्हाणं घालून चिकटवत्यात व्हय?" तुम्ही हसायला लागलात, हसता हसता खोकला आला, सिस्टर धावत आली आणि मलाच ओरडली. ती गेल्यावर मी विचारलं, "मग तुमास्नी काय दिलं?"

"उजवा."

"मला बी उजवा! म्हंजी औषधाची. मग साधी, साधी काय करता इतकी वर्सं?"

"म्या माझं न्हाई इचारलं. हनीफचं इचारलं. त्याला औषधाची मिळाली का, म्हणून."

अहो, किती राग आला मला! माणसाला आयुष्यात एकदा स्वतःसाठी देवीला विचारायची वेळ येते, आणि तो ती परक्या माणसावर खर्च करून येतो. मी म्हटलं, "स्वतःचं का न्हाई इचारलं?"

तुम्ही डोळे मिटले होते. म्हणालात, "माझं तू इचारणार, ह्ये ठाऊक हुतं की."

यावर मी काय बोलले? "मोसंबं खा." एवढंच. दुसरंही सुचलं होतं खरं तर. पण ते म्हणायची आपल्यात पद्धत नव्हती, आणि मला वाटलं, घरी गेल्यावर बघू.

थोड्या वेळानं तुमच्या कपाळावर आठी पडली. हनीफला औषधाची म्हणजे तुम्हाला साधी, आणि माझ्या कौलानं तुम्हाला औषधाची. दोन्ही उजवे कसे? "देवी आपल्या दोगांतल्या कुणाशी तरी खोटं बोलली, पालीकरीण." मी म्हटलं, माझाच कौल चुकला असेल, मी काय गुरव आहे? पाणी जास्त झालं होतं. तुम्ही मान हलवलीत. "देवीला पाणी जास्त व्हत न्हाई. पाचव्या वर्साच्या फेरीला डॉक्टरला इचारू." ती फेरी महिन्यावर आली होती. तुम्ही थांबला नाहीत.

म्हणून काल मी गेले. हनीफ टेम्पो घेऊन आला होता, आता त्याचा स्वतःचा टेम्पो आहे. पुढं मला बसवलं. कात्रज येईपर्यंत मी त्याला तुमच्या कौलाचं सगळं सांगितलं. मग म्हणाला, "मामी, मामांनी माझ्यासाठी विचारलं होतं, हे मला का नाही सांगितलं?" मी म्हटलं, "मला तरी कुठं सांगितलं हुतं, बाबा." त्यानं टेम्पो कडेला घेतला, आणि दोघांनी मिळून खोकल्याचं सोंग केलं.

डॉक्टरांचे केस आता पिकलेत. तुम्ही गेल्याचं त्यांना फोनवर कळलं होतं. हृदय शेवटपर्यंत कसं होतं ते सगळं विचारलं, लिहून घेतलं. मग म्हणाले, अभ्यास संपला, आता ज्याचं त्याला सांगता येतं, ऐकायचं आहे का? मी पदर सावरून बसले.

डॉक्टर म्हणाले, "औषधाची."

मी जिंकले! ऐकलंत? पाच वर्षांनी मी जिंकले. टेबलावर थाप मारली मी. आणि मग बाजूला वळले तुम्हाला चिडवायला, तर खुर्चीत माझीच पिशवी.

जिंकल्याचा आनंद तेवढाच टिकला, कारण पुढचं लगेच डोक्यात आलं. तुम्हाला औषधाची, म्हणजे हनीफला साधी. म्हणजे देवी तुमच्याशी खोटं बोलली. माझ्याशी खरं, ज्या बाईनं जन्मभर टिंगल केली तिच्याशी, आणि तुमच्याशी खोटं. मला ते जिंकणं नको झालं. डॉक्टरांना म्हणणार होते की परत एकदा बघा. हनीफ बाहेर बाकावर होता, त्याला आत बोलावलं, मी उठून बाहेर गेले. ज्याचं त्यालाच सांगायचं असतं ना.

तो बाहेर आला. चेहऱ्यावरून काही कळेना. माझ्यासमोर उकिडवा बसला, पंक्चर काढताना बसतो तसा.

"मामी, माझी पण औषधाचीच."

मी त्याला दोनदा विचारलं. मग आत जाऊन डॉक्टरांना विचारलं, असं कसं? डॉक्टर म्हणाले, "का नसावं? प्रत्येकाची चिठ्ठी वेगळी असते, मावशी." अगदी तेच, जे सिस्टरनं पाच वर्षांपूर्वी सांगितलं होतं आणि दोन शहाण्यांनी ऐकून घेतलं नव्हतं. ते पुढं असंही म्हणाले, की साधी असती तरी कदाचित तुम्ही असेच राहिला असता, एका माणसावरून काही सांगता येत नाही. त्यांचं खरं असेल. मी ऐकत नव्हते. मी मनात दोन कळ्या बघत होते, दोन वेगवेगळ्या दिवशीच्या, आणि दोन्ही उजव्या.

तर ऐका आता, कळीवाले. देवी कुणाशी खोटं बोलली नाही. माझ्याशीही नाही, तुमच्याशीही नाही. चुकलं ते तुमचं गणित. ती कळी बरोबर होती, आणि तुमचा हातही सरळ होता.

घरी आल्यावर दत्ताला सांगितलं तर तो म्हणतो, "आई, दोन्ही कौल आपसूक बरोबर यायची शक्यता चारात एक असते, त्यात एवढं काय." तो बारावी पास आहे. मी म्हटलं, गप बस, तुझ्या वयात मीही अशीच होते. पण मनात आलं, तुम्ही असता तर त्याला काय उत्तर दिलं असतं? कालपासून शोधतेय, सापडत नाही. ते तुमच्याकडंच राहिलं.

आज सकाळी दत्ता पूजा करून गेल्यावर मी देवळात गेले. दार लोटलं नाही, उघड्या दारानं गेले. तगरीच्या दोन कळ्या तोडल्या होत्या, या खेपेला पाणीही बेतानं घेतलं होतं. एकच विचारायचं होतं, तुम्हाला हे सगळं कळलं का. उजवी कळी चिकटवली. डावी हातात घेतली आणि थांबले. ती आधी पडली असती तर काय केलं असतं मी?

दोन्ही कळ्या देवीच्या पायाशी ठेवल्या आणि घरी येऊन हे लिहायला बसले.